पहिली वेलांटी आधी की नंतर

मावळ तालुक्यात लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाचे पत्रक, मंडळाची पावती किंवा इंद्रायणी तांदळाच्या पिशवीवरचा मजकूर ज्याच्याकडून करून घ्यायचा, त्या माणसाला डीटीपीवाला म्हणतात. डेस्कटॉप पब्लिशिंग हे या तीन अक्षरांचे पूर्ण रूप पाटीवर कोणी लिहीत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत असायचे कारणही नाही. दुकान बहुधा एका खोलीचे. लोणावळ्याच्या बाजारपेठेत, तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या वाटेवर किंवा वडगावात तहसील कचेरीच्या आसपास. आत दोन संगणक, एक झेरॉक्स यंत्र, भिंतीला पत्रिकांचे नमुने आणि शेजारी 'करेक्शनचे वेगळे पैसे पडतील' अशी सूचना.

गेल्या साधारण पस्तीस वर्षांत या माणसाने संगणकाशी अनेकदा नव्याने जुळवून घेतले. जगात ॲपल विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या लढाईचे पोवाडे पुष्कळ गायले गेले, पण ती त्याची लढाई नव्हती. त्याच्यापुढचे प्रतिस्पर्धी वेगळे होते: कळफलक टाइपरायटरचा की सरकारी, फॉन्ट कोणत्या कंपनीचा, आणि त्या कंपनीचे लॉक संगणकाला लावलेले आहे की नाही. हा आढावा कोणा एका दुकानदाराचा नाही. या धंद्यात उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे.

संगणक येण्यापूर्वी छपाई खिळ्यांची होती. देवनागरीची केस भरायला शेकडो खिळे लागत: पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या. कंपोझिटर उलटे वाचत खिळे जुळवी, प्रूफ काढी आणि चूक सापडली की चिमट्याने एक खिळा उपसून तिथे दुसरा बसवी. मोठे किंवा रंगीत काम पुण्याला जाई. कचेरीच्या कामांना दुसरा कारागीर होता, तो टंकलेखक. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी टंकलेखनाची तीस आणि चाळीस शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा पास झालेला मुलगा टाइपरायटरपुढे बसला की अर्ज, प्रतिज्ञापत्रे, करारनामे यांवर त्याचे पोट चाले. डीटीपीवाला या दोघांच्या कलेतून घडला. नजर कंपोझिटरची, बोटे टंकलेखकाची.

पुढचे सगळे समजून घ्यायला या बोटांकडे जरा थांबून पाहावे लागते. टाइपरायटरला भाषा कळत नाही. कागदावर डावीकडून उजवीकडे जे जसे दिसते, त्या क्रमाने कळ दाबायची. 'किती' लिहायचे तर आधी पहिली वेलांटी, मग 'क', मग 'त', मग दुसरी वेलांटी. रफाराचे उलट: 'कर्म' लिहिताना क, म आणि शेवटी म च्या डोक्यावर रफार. उच्चारात 'र्' आधी येतो, यंत्रावर तो नंतर येतो. रेमिंग्टन वळणाच्या या मांडणीवर महाराष्ट्रातल्या टंकलेखन संस्थांनी काही पिढ्या तयार केल्या. बोटांना लागलेले हे वळण धर्मासारखे असते. एकदा पक्के झाले की माणूस सहजी सोडत नाही.

त्या वळणाला पहिला शह पुण्यातूनच मिळाला. १९८८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावरच्या विद्यापीठ परिसरात सी-डॅक सुरू झाले. लोकांना ते विजय भटकर आणि 'परम' महासंगणकासाठी ठाऊक आहे, पण मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तिथली अधिक मोलाची वस्तू होती जिस्ट. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने विकसित झालेले हे तंत्र सी-डॅकमध्ये आले. जिस्टचे कार्ड डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसवले की डीबेस, वर्डस्टार असल्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येसुद्धा मराठी उमटू लागे. त्याच्या मुळाशी इस्की ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मानकाचे रूप दिले. सोबत कळफलकही आला, इनस्क्रिप्ट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि मांडणी सर्व भारतीय लिप्यांना एकच. ज्या कळेवर मराठीचा 'क', त्याच कळेवर गुजरातीचा आणि तमिळचाही.

इनस्क्रिप्टने क्रम उच्चाराचा धरला. 'कि' म्हणजे आधी 'क', नंतर वेलांटी. 'कर्म' म्हणजे क, र, हलन्त, म. संगणकाच्या दृष्टीने हेच शहाणपणाचे होते. अकारविल्हे लावणे, शोधणे, एका फॉन्टातून दुसऱ्या फॉन्टात जाणे, हे सारे त्यामुळे शक्य होते. टंकलेखकाच्या बोटांना मात्र ते उलटे लिहिल्यासारखे वाटले. पहिली वेलांटी आधी की नंतर, या वरवर बालिश दिसणाऱ्या प्रश्नावर मराठी संगणकाचे दोन पंथ पडले, आणि ते आजही पुरते एक झालेले नाहीत. विंडोज की मॅक हा प्रश्न त्यापुढे किरकोळ होता.

मॅकही काही लांब नव्हता. डेस्कटॉप पब्लिशिंग हा धंदाच मुळात मॅकवर जन्मला. १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर छपाईयंत्र आणि अल्डस कंपनीचे पेजमेकर एकत्र आले आणि टेबलावर पान लावता येऊ लागले. मुंबईच्या जाहिरात संस्थांत आणि मोठ्या प्रकाशनांत मॅक रुळला. लोणावळा पुणे-मुंबई वाटेवर, दोन्हीकडे रेल्वे. तरीही घाटमाथ्यावर मॅक चढला नाही. किंमत आवाक्याबाहेर, दुरुस्तीला मुंबई गाठावी लागणार, आणि बिघडलेला भाग दुसऱ्या कोणाच्या यंत्रातून काढून लावायची सोय नाही. पेजमेकर १९८७ मध्ये विंडोजवर आले तेव्हाच खरे तर लहान गावांपुरता निकाल लागला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातून सुटे भाग आणून जोडलेला असेम्बल्ड पीसी, विंडोज ३.१ आणि पुढे विंडोज ९५, त्यावर पेजमेकर आणि कोरल ड्रॉ, शेजारी लेझर प्रिंटर. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची आणि प्लेट करायला ऑफसेटवाल्याकडे द्यायची. भांडवल कर्जाचे, आणि यंत्रातले कितीतरी सॉफ्टवेअर विकत न घेतलेले. हा धंदा चोरीच्या प्रतींवर वाढला हे त्या काळात कोणी लपवतही नव्हते.

एक वस्तू मात्र चोरता येत नसे, आणि तीच या सगळ्या गोष्टीची नायिका आहे. मराठी फॉन्टचे लॉक. इंग्रजीत डोंगल, दुकानात 'लॉक' किंवा 'डोंगल' दोन्ही. आगपेटीएवढा ठोकळा, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचा. तो असेल तर मराठी उमटते, काढला की संगणक मुका. पुढच्या काळात त्याची जागा यूएसबीच्या छोट्या दांडीने घेतली.

लॉक देणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती आणि खुद्द सी-डॅकचे आयएसएम. प्रत्येकीचे फॉन्ट वेगळे आणि, घोळाचे मूळ इथे आहे, प्रत्येकीची आतली मांडणीही वेगळी. त्या वेळच्या फॉन्टमध्ये २५६ घरे. त्यातली काही संगणकाच्या स्वतःच्या वापरासाठी राखीव. उरलेल्या घरांत देवनागरीची सगळी जोडाक्षरे मावत नाहीत, म्हणून कंपन्यांनी कंपोझिटरचीच युक्ती केली. अक्षरांचे तुकडे केले: अर्धा क, उभा काना, लहान-मोठ्या वेलांट्या, रफार, उकार. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवले. म्हणजे संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच, फक्त त्यावर मराठी मुखवटा. आणि कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या मनाने ठरवले. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे आणि निरर्थक चिन्हे. या धंद्यात त्याला 'फॉन्ट उडाला' म्हणतात.

गिऱ्हाइकाला कळे ते एवढेच, की लोणावळ्यातल्या दुकानात केलेली पत्रिका तळेगावच्या दुकानात दुरुस्त होत नाही. तिकडे आकृती, इकडे श्रीलिपी. मग सगळे पुन्हा टाइप. डीटीपीवाल्यांनी त्यावर तोडगा शोधला तो कोरल ड्रॉमध्ये: मजकूर 'कर्व्ह' करायचा. कर्व्ह केले की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचे चित्र होते. चित्राला फॉन्ट लागत नाही. पुण्याच्या प्रेसमधून 'कर्व्ह करून पाठवा' असा निरोप आला की समजायचे, समोर लॉक वेगळे आहे. तोडगा बिनचूक होता, किंमत मात्र जबर. चित्र झालेल्या मजकुरात नंतर एक वेलांटीही बदलता येत नाही, शोधता येत नाही, दुसरीकडे वापरता येत नाही. त्या वर्षांतला तालुक्यातला पुष्कळ मराठी मजकूर असा गोठलेला आहे.

तरीही या कंपन्यांचे ऋण मान्य करायला हवे. अक्षरवळणांची एवढी विविधता त्याआधी लहान गावाला कधी मिळाली नव्हती. श्रीलिपीचे फॉन्ट क्रमांकाने ओळखले जात आणि अनुभवी ऑपरेटरला ते क्रमांक तोंडपाठ असत. शीर्षकाला अमुक, वराच्या नावाला तमुक, निमंत्रकांच्या यादीला बारीक सरळ वळण. श्रीलिपीत हवा तो कळफलक निवडता येई, टाइपरायटरचाही. संस्थेत शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून कामाला लागू शके. सी-डॅकचे सरकारी शहाणपण शास्त्राला धरून होते. मॉड्युलरने गिऱ्हाईक ओळखले. लहान दुकानांत कोण जिंकले ते सांगायला नको. लोणावळ्याला आणखी एक अडचण होती ती बहुलिपीची. चिक्कीच्या खोक्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कधी गुजराती, असे सारे एका वेळी लागते. एकाच लॉकमध्ये अनेक लिप्या देणारे पॅकेज तिथे चैनीचे नव्हते, गरजेचे होते.

हवेचाही यात वाटा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात फ्लॉपीला बुरशी धरे, कागद ओलसर होऊन लेझर प्रिंटरमध्ये अडके. पुढे भारनियमनाची वर्षे आली. बॅटरीवर संगणक अर्धा तास चाले आणि सेव्ह न केलेली पत्रिका अंधारात जाई. दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय या पिढीच्या बोटांत त्यामुळेच आहे.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यावर तालुक्याच्या गावांत केंद्रे निघाली. अभ्यासक्रम विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर बेतलेला होता. परिणामी मराठी मुलखात संगणक आणि विंडोज हे समानार्थी शब्द झाले. त्याच दशकात केरळने आपल्या शाळांच्या आयटी@स्कूल उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. महाराष्ट्राने ती धरली नाही. तिचे बरेवाईट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण डीटीपीवाल्यापुढे विंडोजखेरीज दुसरा पर्याय दिसूच नये, अशी व्यवस्था त्यातून झाली.

विंडोजच्या पोटात मात्र दरम्यान मोठा बदल झाला होता. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात जागा देणारे युनिकोड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतलेली आहे. जिस्टच्या काळात रुजलेला उच्चारक्रमाचा विचार अशा रीतीने जागतिक मानकात गेला. फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० मध्ये मराठी प्रथमच, कोणत्याही लॉकशिवाय, संगणकाच्या स्वतःच्या ताकदीवर उमटली. ज्या फॉन्टात उमटली त्याचे नाव मंगल.

मंगल रेखाटला र. कृ. जोशी यांनी. जाहिरात क्षेत्रात उल्का संस्थेत काम केलेले, पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवणारे, सुलेखनकार आणि कवी. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेशी संलग्न राहून त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांच्या फॉन्टांचे काम केले. एनसीएसटी नंतर सी-डॅकमध्येच विलीन झाली. खरी गंमत पुढे आहे. त्याच जोशींचा 'रघू' हा देवनागरी फॉन्ट एनसीएसटीने मुक्त परवान्याखाली, लिनक्सवाल्यांना वापरता येईल असा खुला केला. एकाच हाताचे वळण मायक्रोसॉफ्टच्या बंद पेटीतही आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या उघड्या अंगणातही. ज्यांना हे दोन छावण्यांचे युद्ध वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. जोशी २००८ मध्ये गेले. मंगलमध्ये अर्ज टंकणाऱ्या हजारोंना त्यांचे नाव ठाऊक नाही.

मावळातल्या डीटीपीवाल्याने मंगलचे स्वागत केले नाही. आधी तर तो दिसलाच नाही. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलच्या आत जाऊन जटिल लिप्यांच्या चौकोनात खूण करायची आणि मूळ सीडी घालायची, तेव्हा मराठी सुरू होई. मूळ सीडी किती दुकानांत होती, हे वर आलेच आहे. सुरू झाल्यावर कळे की त्यात इनस्क्रिप्ट कळफलक आहे, टाइपरायटरचा नाही. पुन्हा तीच वेलांटी. शिवाय मंगल पडद्यासाठी काढलेला फॉन्ट, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा सोडणारा. पत्रिकेवर तो नोटिशीसारखा दिसतो. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते. २००१ची ७.० ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती. त्यानंतर, पेजमेकर ज्यांच्याकडे गेले होते त्या ॲडोबीने सगळा जोर इनडिझाइनवर दिला. पण भारतीय लिप्या नीट जुळवून दाखवायला इनडिझाइनला सीएस६ आणि कोरलला एक्स६ या आवृत्त्या याव्या लागल्या, दोन्ही २०१२च्या. म्हणजे विंडोजला मराठी येऊ लागल्यावर छपाईच्या सॉफ्टवेअरला ती यायला बारा वर्षे गेली. या तपभरात ज्याने लॉक सोडले नाही त्याला जुनाट म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे छापता येईल असे दुसरे काही नव्हते.

खुद्द युनिकोडमध्येही मराठीचे काही हक्क उशिरा नोंदले गेले. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र संकेत म्हणून आले २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ'वर चंद्र चढवून वेळ मारून न्यावी लागे, आणि तसा मजकूर शोधताना आजही सापडत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मराठीला जीव की प्राण आहे. मावळात दऱ्या आहेत, दर्या घाटाखाली. त्यासाठी 'ऱ' वापरायचा की जोडणारे अदृश्य चिन्ह, याबद्दल दोन पद्धती चालत राहिल्या. पुढचा मुद्दा 'ल' आणि 'श' यांच्या वळणांचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली. त्यात ल आणि श यांची ठरावीक रूपे मराठीची म्हणून नोंदली आहेत. बाहेरून येणाऱ्या कितीतरी फॉन्टांत मूळ रूपे हिंदी वळणाची होती. केंद्र सरकारनेही २००९ मध्येच ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. त्यानंतर कचेऱ्यांतला मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये गेला आणि कचेरीसमोरच्या दुकानालाही, मनात असो वा नसो, ते शिकावे लागले.

लिनक्सची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण दुकानांत ती फारशी घडलीच नाही. पुण्यात रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी कार्यालय आहे. त्या कंपनीने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट लिनक्सवरच्या भारतीय लिप्यांचा कणा बनले. मराठीसाठी त्यात स्वतंत्र लोहित होता. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस हे भारतीय लिनक्स आणले. मराठी भाषांतरे करणारे स्वयंसेवक मुंबई-पुण्यात होते आणि त्यांनी निष्ठेने काम केले. पण डीटीपीवाल्याच्या दृष्टीने प्रश्न एकच: पुण्याच्या प्रेसला कोरलची फाइल लागते, ती यातून निघते का? निघत नव्हती. पानजुळणीचे स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर जटिल लिप्या नीट हाताळू लागले ते २०१७च्या सुमारास. दाम मोजावे न लागणारी वस्तूसुद्धा महाग पडू शकते ती अशी.

ज्याने खरोखर सत्ता उलथवली तो मोबाइल. ॲन्ड्रॉइडच्या चौथ्या मालिकेपासून, म्हणजे २०११-१२ पासून, देवनागरी फोनवर नीट दिसू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त इंटरनेट वाड्यावस्त्यांवर पोहोचले. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. तोवर मराठी टंकणे ही विकत घ्यायची सेवा होती. आता गिऱ्हाईक स्वतःच व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवू लागले, आणि तोही युनिकोडमध्ये. तरुणांनी वेलांटीचा वाद शिल्लकच ठेवला नाही. ते इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि फोन मराठी शब्द पुढे करतो. 'गमभन' आणि 'बरहा' यांनी संगणकावर ही वाट आधीच पाडलेली होती, फोनने तिचा हमरस्ता केला. टाइपरायटरची परीक्षाही संगणकावर गेली. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटरचे उत्पादनच थांबवले होते.

दुकानात यामुळे काम उलट्या दिशेने वाहू लागले. पूर्वी हस्तलिखित कागद येई आणि टाइप होई. आता टाइप झालेला मजकूर येतो, पण कोरलमध्ये हवा तो ठसठशीत फॉन्ट जुन्या मांडणीचा असतो. म्हणून कन्व्हर्टर लावून युनिकोडचे श्रीलिपी करायचे. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिन लावतात आणि लोणावळ्याला सोडतात, तसा हा प्रकार. बँकर सहसा दगा देत नाही. कन्व्हर्टर देतो. कारण तोच जुना: युनिकोडमध्ये 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'थ'नंतर साठवलेली असते, जुन्या फॉन्टात ती अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. कन्व्हर्टरला ती उचलून 'स्'पलीकडे न्यावी लागते. 'ऱ्या', 'ॲ', 'ज्ञ', 'द्ध' यांच्यावर तो हमखास अडखळतो. 'सुऱ्या'चा 'सुर्या' आणि 'कॅप्टन'चा 'कप्टन' होऊ नये म्हणून जुन्या नजरेचा ऑपरेटर अजून लागतो. कंपोझिटरची नजर इथे कामाला येते.

फॉन्टच्या बाबतीत आता वांधा नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू, सगळे मोफत, युनिकोडमध्ये आणि देखणे. खुद्द विंडोजमध्येही पर्याय वाढले. विंडोज ७ बरोबर आलेले अपराजिता, कोकिळा आणि उत्साह हे फॉन्ट मॉड्युलर इन्फोटेकचे. ज्या कंपनीचे लॉक लावल्याशिवाय मराठी उमटत नव्हती, तिचीच अक्षरे आज विंडोजमध्ये फुकट मिळतात. ॲपलही आयफोनच्या रूपाने लोणावळ्याच्या बंगल्यांत पोहोचला आणि त्यातले मराठीचे वळण सुबक आहे. डीटीपीवाल्याला त्याचा उपयोग एवढाच, की तिकडून आलेला मजकूर इकडे नीट उघडतो.

आज तालुक्यातल्या जुन्या दुकानात सहसा दोन संगणक दिसतात. नव्यावर आपले सरकार सेवा केंद्राची किंवा ऑनलाइन अर्जांची कामे चालतात आणि पत्रिकेपेक्षा त्यावरच गल्ला भरतो. दुसऱ्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि जुने लॉक. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी सोडचिठ्ठी दिली. म्हणून तो संगणक इंटरनेटला जोडत नाहीत. प्रिंटरच्या पोर्टचे लॉक लावायला नव्या यंत्रांत भोकच नाही, त्यामुळे जुन्या यंत्राचा मदरबोर्ड जळला की त्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांचा मजकूरही कुलूपबंद होतो. एकवीरेच्या पालखी मंडळांची पत्रके, वडगावच्या पोटोबा महाराजांच्या उत्सवाचे कार्यक्रम, सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका आणि कुळांच्या वंशावळी, असा कितीतरी ऐवज त्या यंत्रांत आणि त्यांच्याजवळच्या सीड्यांवर आहे. छापील प्रत हरवली असेल तर दुसरी प्रत कुठेही नाही.

एवढ्यासाठी वाचकांना एक विनंती. आपल्या देवस्थानाचा, संस्थेचा किंवा घराण्याचा मजकूर जुन्या फॉन्टात कोणाच्या दुकानात पडून असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत तिथे जावे आणि ते लॉक चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. वेलांट्या तपासायला दुकानदारालाच बसवावे आणि त्याचे पैसे त्याला द्यावेत.